ग्रीन एफडी घ्यावी का: व्याजातले दहा बेसिस पॉइंट जातात कुठे

ग्रीन एफडी म्हणजे हरित मुदत ठेव. पावती नेहमीसारखीच, व्याजाची चक्रवाढ तिमाही, टीडीएसचे नियम तेच आणि पाच लाखांपर्यंतचा ठेव विमाही तोच. फरक दोन ठिकाणी पडतो. व्याज जरासं कमी मिळतं, आणि त्या बदल्यात बँक लिहून देते की हा पैसा सौर-पवन ऊर्जा, ई-वाहनं, सांडपाणी प्रक्रिया असल्या ठरावीक कामांनाच कर्जाऊ दिला जाईल. हे उत्पादन जोखायचं म्हणजे मुख्यतः त्या लेखी शब्दाची किंमत काढायची. तो पाळला जातो की नाही हे ठेवीदाराला कळतं कसं, तेही बघायचं.

आधी दर. स्टेट बँकेने जानेवारी २०२४ मध्ये ग्रीन रुपी टर्म डिपॉझिट आणली तेव्हा मुदती तीनच होत्या: ११११, १७७७ आणि २२२२ दिवस. सर्वसामान्य ठेवीदाराला पहिल्या दोन मुदतींवर ६.६५ टक्के आणि तिसरीवर ६.४० टक्के. त्याच वेळी बँकेचा नेहमीचा कार्ड रेट, म्हणजे साध्या ठेवीचा जाहीर दर, तीन ते पाच वर्षांना ६.७५ आणि पाच वर्षांपुढे ६.५० होता. म्हणजे सरसकट ०.१० टक्का कमी. बँकवाल्यांच्या भाषेत दहा बेसिस पॉइंट. बँक ऑफ बडोदाने मार्च २०२४ मध्ये ‘अर्थ ग्रीन टर्म डिपॉझिट’ आणली. तिच्यात ७७७ दिवसांना ७.१५ टक्के होते, तर साध्या दोन ते तीन वर्षांच्या ठेवीवर ७.२५. इथेही तेच दहा पॉइंट.

पाच लाखांच्या ठेवीवर ११११ दिवसांत हा फरक सुमारे १,८०० रुपयांचा होतो. एवढ्यावर कुणाचं घर बसत नाही, आणि पर्यावरणासाठी इतकं सोडायला हरकत नाही असं म्हणणारे पुष्कळ निघतील. पण खरी मेख मुदतीत आहे. तीन वर्षं म्हणजे १०९५ किंवा १०९६ दिवस. ११११ दिवस म्हणजे तीन वर्षं उलटून जेमतेम पंधरा-सोळा दिवस. स्टेट बँकेच्या तेव्हाच्या तक्त्यात दोन वर्षांपासून तीन वर्षांच्या आतल्या ठेवीला ७.०० टक्के होते आणि तीन वर्षं पूर्ण झाली की दर ६.७५ वर उतरायचा. म्हणजे तीन वर्षांना एक दिवस कमी अशी साधी एफडी केली असती तर ७.०० मिळाले असते; ११११ दिवसांची ग्रीन एफडी केली तर ६.६५. फरक दहाचा राहिला नाही, पस्तीसचा झाला. पाच लाखांवर त्याच कालावधीच्या हिशेबाने तो सहा हजारांच्या वर जातो. मुदती दिसायला आकर्षक असल्या, तरी दरतक्त्याच्या कुठल्या खणात त्या पडतात ते पाहिल्याशिवाय ‘फक्त दहा पॉइंट’ हे वाक्य मान्य करू नये.

हे दर आता जुने झाले. २०२५ मध्ये रेपो दर उतरला आणि एफडीचे दरही खाली आले. बघायची पद्धत मात्र बदलत नाही. बँकेच्या संकेतस्थळावरचा किरकोळ ठेवींचा तक्ता उघडा आणि तीन आकडे शेजारी मांडा: ग्रीन ठेवीचा दर, त्याच मुदतीच्या साध्या ठेवीचा दर, आणि लगतच्या खणातला सर्वांत जास्त दर. ज्येष्ठ नागरिकांना मिळणारा जादा दर ग्रीन ठेवीलाही पूर्ण लागू आहे का, हे वेगळं विचारा. त्या वेळी बँकेची एखादी ‘विशेष मुदत’ योजना चालू असेल तर चौथा आकडा तिचाही घ्या, कारण बहुतेक वेळा सर्वांत मोठा फरक तिथेच निघतो.

बँक व्याज कमी का देते? तिच्या बाजूने पाहिलं तर यात लबाडी नाही. या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने ११ एप्रिल २०२३ रोजी चौकट जाहीर केली आणि ती १ जून २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार बँकेला संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण लागतं. पैसा कुठे वापरणार याचा वित्तपुरवठा आराखडा लागतो, आणि त्यावर बाहेरच्या संस्थेचं मत घेऊन ते संकेतस्थळावर टाकावं लागतं. मग दर वर्षी पैसा खरंच तिथे गेला का याची त्रयस्थ पडताळणी, आणि त्यातून पर्यावरणाला काय फायदा झाला याचं मूल्यमापन. हे मूल्यमापन २०२३-२४ साठी ऐच्छिक होतं, २०२४-२५ पासून सक्तीचं आहे. या सगळ्याला खर्च येतो, वेगळी नोंद ठेवावी लागते, माणसं लागतात. शिवाय सीआरआर म्हणून रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवायचा हिस्सा इथेही सुटत नाही. स्टेट बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष दिनेश खारा यांनी ग्रीन ठेवींसाठी सीआरआर कमी ठेवावा अशी मागणी केली होती. चौकटीत तशी सवलत नाही. म्हणजे बँकेचा खर्च वाढला, रिझर्व्ह बँकेकडून सूट नाही आणि कर्ज घेणारा सौर प्रकल्पवाला तर स्वस्तातच कर्ज मागतो. मग ती कात्री ठेवीदाराच्या व्याजाला लागते.

ही चौकट कुणाला लागू आहे हे महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवावं, कारण आपल्याकडे ठेवी सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत भरपूर असतात. २०२३ च्या चौकटीत अनुसूचित व्यापारी बँका, स्मॉल फायनान्स बँका आणि ठेवी घेणाऱ्या एनबीएफसी (बिगर-बँक वित्त कंपन्या) व गृहवित्त कंपन्या येतात. नागरी सहकारी बँका त्यात नाहीत, ग्रामीण बँका आणि पेमेंट बँकाही नाहीत. पतसंस्थेचा तर प्रश्नच नाही. तिच्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे ठेव विमा महामंडळाचा, विमाही नसतो, तसाच तो एनबीएफसीच्या ठेवीलाही नसतो. एखाद्या पतसंस्थेने दारावर झाडाचं चित्र लावून ‘हरित ठेव योजना’ काढली असेल, तर त्यामागे ना पडताळणी आहे ना अहवाल. तिथे व्याज जास्त मिळालं तरी ते वेगळ्या जोखमीचं व्याज आहे.

पैसा जातो कुठे

चौकटीत नऊ गट आहेत: अक्षय ऊर्जा, ऊर्जेची बचत, स्वच्छ वाहतूक, हवामान बदलाशी जुळवून घेणं, पाणी व कचरा व्यवस्थापन, प्रदूषण नियंत्रण, हरित इमारती, जमीन व जैविक संसाधनांचा टिकाऊ वापर, आणि जैवविविधता. यादी वाचायला कंटाळवाणी आहे. वगळलेल्या गोष्टींची यादी जास्त बोलकी आहे. कोळसा-तेल-वायू काढणं, तयार करणं, वाटणं हे सगळं बाद, त्यातल्या सुधारणाही बाद. अणुवीज बाद. कचरा थेट जाळणं, लँडफिल, पामतेल, तंबाखू, दारू, शस्त्रं, जुगार बाद. संरक्षित क्षेत्रातून आणलेल्या बायोमासवरची वीज बाद. आणि २५ मेगावॅटहून मोठे जलविद्युत प्रकल्प बाद.

शेवटच्या अटीने १,९६० मेगावॅटच्या कोयनेसारखा प्रकल्प बाहेर राहतो आणि अणुविजेच्या अटीने तारापूर. दोन्हींत कोळसा जळत नाही, तरी ते या व्याख्येत ‘हरित’ नाहीत. मोठ्या धरणाखाली बुडणारी जमीन-जंगलं आणि अणुकचरा यांचं वजन इथे कार्बनपेक्षा जास्त धरलेलं दिसतं. यावर वाद घालता येईल. पण निदान रेषा स्पष्ट आहे, आणि बँकेच्या आराखड्यात ती पुसट झाली असेल तर लगेच दिसते.

रेषा पुसट होते ती खालच्या पातळीवर, एकेका कर्जाच्या फायलीत. साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणारा सहवीज प्रकल्प हे अक्षय ऊर्जेचं कर्ज, त्यात अडचण नाही. त्याच आवारातली डिस्टिलरी मात्र इंधनात मिसळायचं इथेनॉलही करते आणि मद्यासाठीचं स्पिरिटही काढू शकते. इथेनॉलची टाकी हरित, स्पिरिटची टाकी ‘दारू’ म्हणून बाद, आणि कर्ज एकच. वर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीतलं सांडपाणी, जाळणाऱ्या बॉयलरला जोडइंधन लागतं. कुठे ते बगॅस असतं, कुठे कोळसा. कोळशाचं प्रमाण किती झालं की ‘मुख्य इंधन जीवाश्म’ म्हणून कर्ज बाद धरायचं? शाखेतल्या कर्ज अधिकाऱ्याकडे तारणाची किंमत आणि डीएससीआर (कर्ज फेडायच्या क्षमतेचं गुणोत्तर) असतो, बॉयलरच्या इंधनाचं मासिक रजिस्टर नसतं. अशा वेळी जबाबदार बँक ते कर्ज हरित खात्यात धरतच नाही. बेजबाबदार बँक पूर्ण धरते. ठेवीदाराला या दोघींतला फरक पावतीवर कधीच दिसत नाही.

आर्थिक संस्थांची खरी पंचाईत इथेच आहे. पैशाची टंचाई हे कारण वारंवार सांगितलं जातं, पण बँकेच्या आत गेलं की अडतं ते माहितीवर. कोअर बँकिंग प्रणालीत कर्जाला उद्योगाचा कोड असतो, हेतूचा कोड असतो, प्राधान्य क्षेत्राचा कोड असतो. हरित की अहरित हा रकाना नंतर जोडलेला असतो आणि जुन्या कर्जांना तो रिकामा राहतो. ई-रिक्षाचं कर्ज ‘तीनचाकी वाहन’ म्हणून नोंदलं गेलं आणि इंधनाचा रकाना सक्तीचा नसला, तर ते हरित यादीत येतच नाही. उलट, सिमेंट कारखान्याने वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करायचं संयंत्र बसवलं आणि त्याचं कर्ज कारखान्याच्या एकत्रित मर्यादेत मिसळलं, तर त्यातलं हरित किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणून बँकांचा कल सोप्या कर्जांकडे जातो: मोठे सौर-पवन प्रकल्प, मेट्रो, ई-बस आणि हरित प्रमाणपत्र असलेल्या व्यापारी इमारती. पीएम सूर्य घर योजनेतली छपरावरच्या सोलरची कर्जंही सोपी पडतात, कारण त्यांना योजनेचा स्वतंत्र कोड असतो आणि शोधायला एक क्लिक पुरते. हवामान बदलाशी जुळवून घेणं, म्हणजे पूर ओसरायची व्यवस्था, दुष्काळी भागातलं पाणी, उष्णतेत टिकणारी शेती, हा गट यादीत आहे पण तिथे कर्ज शोधणं आणि फायदा मोजणं दोन्ही अवघड. आपल्या ठेवीतून सांगली-कोल्हापूरचा पूर आटोक्यात येईल अशा भ्रमात कुणी राहू नये.

दुसरी अडचण मुदतीची. कृषी वाहिनी सौर योजनेत महावितरण २५ वर्षांचा वीजखरेदी करार करतं, आणि अशा प्रकल्पांची कर्जंही लांब पल्ल्याची असतात. ग्रीन एफडी दोन-तीन, फार तर सहा वर्षांची. म्हणजे कर्ज चालू असताना त्यामागचा हरित पैसा अनेक वेळा बदलणार. ठेवीदाराने मुदतीआधी पैसे काढले तरी त्या पैशाने चाललेल्या प्रकल्पावर परिणाम होऊ नये अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बँक तो खड्डा दुसऱ्या ठेवींनी भरते. वावगं काही नाही, बँका असंच काम करतात. पण ‘तुमचा पैसा या सौर पार्कात’ असं जाहिरातीत वाचलं की मनात जे चित्र उभं राहतं, ते बँकेच्या ताळेबंदात नसतं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि तिच्याबद्दल बँका सर्वांत कमी बोलतात. हे कर्ज ग्रीन एफडी नसती तरी दिलं गेलंच असतं का? स्टेट बँकेच्या एकूण ठेवी ५० लाख कोटींच्या वर आहेत. चांगला वीजखरेदी करार हातात असलेला सौर प्रकल्प कुठल्याही बँकेला हवाच असतो. त्याला कर्ज द्यायला हरित ठेवीची वाट कुणी पाहत नाही. रिझर्व्ह बँकेने इथे एक चांगली अट घातली आहे: आधी कर्ज देऊन मग त्याच्या नावावर ग्रीन ठेव उभारता येत नाही, ठेव आधी आणि वाटप नंतर. त्यामुळे जुनी कर्जं रंगवून दाखवायला आळा बसतो. पण नवं कर्ज ‘तसंही’ दिलंच जाणार होतं का, हे कुठलाही पडताळणी करणारा तपासत नाही. त्याच्या कामात ते बसतच नाही.

अहवाल कसा वाचायचा

म्हणून या उत्पादनातला विकत घेण्याजोगा भाग एकच उरतो: वर्षअखेरचा अहवाल. तो बँकेच्या वार्षिक हिशेबात आणि संकेतस्थळावर असतो. एफडी करायच्या आधी मागच्या वर्षीचा उघडा. पीडीएफ लांबलचक असते, पण बघायची पानं थोडी.

पहिलं, वाटपाचा तक्ता. रिझर्व्ह बँकेने नमुना दिलेला आहे: चालू वर्ष, मागचं वर्ष आणि एकूण, किती ठेवी उभारल्या, कोणत्या गटाला किती दिले, किती शिल्लक. ही शिल्लक नीट बघा. वाटप होईपर्यंत बँक तो पैसा जास्तीत जास्त एक वर्षाच्या रोख-सदृश साधनांत ठेवू शकते. वर्षामागून वर्ष मोठी रक्कम तिथेच पडून असेल, तर तुमची ग्रीन एफडी प्रत्यक्षात ट्रेझरी बिलांत (सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत) आहे आणि तुम्ही त्यासाठी व्याज सोडताय. वाटप झालं नाही म्हणून बँकेला चौकटीत ठरलेला दंड नाही, आणि तुमचं व्याजही वाढत नाही.

दुसरं, सरकारी हरित रोखे. चौकटीनुसार बँक हा पैसा केंद्र सरकारच्या ग्रीन बाँडमध्ये गुंतवू शकते आणि ते हरित वापर म्हणून धरलं जातं. नियमात बसतं. पण तेच रोखे तुम्हाला स्वतः घेता येतात, मग मध्ये बँकेला दलाली कशाला? अशा वाटपाचा हिस्सा मोठा दिसला तर ग्रीन एफडी घ्यायचं कारण उरत नाही.

तिसरं, पडताळणीचं पत्र. त्यात ‘मर्यादित आश्वासन’ आहे की ‘वाजवी आश्वासन’ ते पाहा. मर्यादित म्हणजे ‘आम्ही जे तपासलं त्यात चुकीचं काही आढळलं नाही’. वाजवी म्हणजे नमुन्याच्या फायली उघडून, आकडे मुळापर्यंत जुळवून दिलेलं मत. दोन्हींवर शिक्का सारखाच दिसतो. पत्रात तपासलेल्या कर्जांची संख्या किंवा रकमेचा हिस्सा दिला असेल तर ती बँक गंभीर आहे असं धरायला हरकत नाही.

चौथं, आणि इथे थोडं गणित करायला मजा येते, टाळलेल्या कार्बनचा आकडा. देशाच्या ग्रिडची वीज एक मेगावॅट-तास तयार होताना सरासरी ०.७ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प १९ टक्के क्षमता-वापराने वर्षाला साधारण १,६६० मेगावॅट-तास वीज देतो. म्हणजे मेगावॅटमागे वर्षाला सुमारे १,१५० ते १,२०० टन. बँकेने अहवालात १०० मेगावॅटला २ लाख टन दाखवले असतील तर कुठेतरी घोळ आहे. सर्वांत नेहमीचा घोळ वाट्याचा असतो: प्रकल्पाच्या खर्चातले ३० टक्के बँकेने दिले, पण श्रेय १०० टक्के कार्बनचं घेतलं. उरलेलं कर्ज देणारी दुसरी बँकही तेच श्रेय घेते आणि एकच टन दोन अहवालांत मोजला जातो. अहवालात ‘आमच्या वित्तपुरवठ्याच्या प्रमाणात’ अशा अर्थाचं वाक्य नसेल तर आकडा निम्मा धरून पुढे चला. मेगावॅटला चार कोटी खर्च धरला तर तुमचे पाच लाख म्हणजे त्याचा ऐंशीवा हिस्सा, वर्षाला १४-१५ टन. तेवढ्यासाठी तीन वर्षांत १,८०० रुपये सोडणं स्वस्त पडलं, जर ते कर्ज खरोखर तुमच्या पैशामुळे दिलं गेलं असेल तर. या ‘जर’चं उत्तर वर आलं आहे.

अहवालच सापडला नाही, किंवा त्यात फक्त पवनचक्क्यांचे फोटो आणि ‘हजारो झाडांइतका कार्बन’ असली वाक्यं आहेत? मग साधी एफडी करा आणि वाचलेल्या व्याजाचं काय करायचं ते स्वतः ठरवा.

पर्याय

केंद्र सरकारचे हरित रोखे हा ग्रीन एफडीचा थेट प्रतिस्पर्धी. पहिला लिलाव २५ जानेवारी २०२३ ला झाला: ८,००० कोटी, पाच वर्षांच्या रोख्यावर ७.१० टक्के आणि दहा वर्षांच्यावर ७.२९. ९ फेब्रुवारीला आणखी ८,००० कोटी. या रोख्यांसाठी सरकारने त्याआधी काढलेल्या चौकटीला नॉर्वेच्या सिसेरो या संस्थेने ‘मध्यम हरित’ असा शेरा दिला होता. पहिल्या लिलावात सरकारला पाच-सहा बेसिस पॉइंट स्वस्तात पैसा मिळाला; बाजारात त्याला ‘ग्रीनियम’ म्हणतात. पुढे हे कौतुक ओसरलं. ३१ मे २०२४ च्या ६,००० कोटींच्या लिलावात रिझर्व्ह बँकेने एकही बोली स्वीकारली नाही, कारण खरेदीदार सरकारला हव्या त्या दराने घ्यायला तयार नव्हते. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांना रोख्याचा रंग परवडत नाही, त्यांना परतावा द्यायचा असतो. शिवाय हे रोखे छोट्या आकाराचे असल्याने नंतर विकायला गिऱ्हाईक कमी. ठेवीदाराने दहा पॉइंट मुकाट सोडायचे आणि मोठ्या संस्थांनी पाचही सोडायचे नाहीत, असा हा बाजार आहे.

छोट्या गुंतवणूकदाराला मात्र ही चांगली बातमी आहे: रोखा जवळपास साध्या सरकारी रोख्याच्या दरानेच मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर पॅन, आधारला जोडलेला मोबाइल आणि बचत खातं एवढ्यावर फुकट खातं उघडतं. किमान १०,००० रुपये. लिलावाच्या आठवड्यात ‘नॉन-कॉम्पिटिटिव्ह’ बोली लावायची, दर मोठे खरेदीदार ठरवतात आणि तुम्हाला सरासरी भाव मिळतो. व्याज सहामाही खात्यात येतं, चक्रवाढ होत नाही. तोटा एकच पण मोठा: मुदतीआधी मोडायची सोय नाही, बाजारात विकावा लागतो. दर वाढलेले असतील तर भाव पडलेला असतो, आणि छोट्या रकमेला खरेदीदार पटकन मिळत नाही. दहा वर्षं हात लावायचा नाही अशा पैशासाठीच हे घ्यावं.

महापालिकांचे हरित रोखे पाहायला जास्त आवडतात, कारण पैसा कुठे गेला ते चालत जाऊन बघता येतं. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी उभारले, ८.२५ टक्क्यांनी, जलूद इथल्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी शहरापर्यंत उपसायच्या विजेचं बिल कमी करायचं हा उघड हेतू. ती विक्री जनतेला खुली होती. पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले, निगडी-प्राधिकरणातला हरित सेतू, म्हणजे पादचारी आणि सायकल मार्ग, हे त्यातलं एक काम. पण तो रोखा संस्थात्मक खरेदीदारांसाठी होता. निगडीच्या रहिवाशाला आपल्या फुटपाथमध्ये थेट गुंतवता आलं नाही. पालिकांनी ही दारं उघडली तर ग्रीन एफडीला खरी स्पर्धा मिळेल.

ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार पाहून शेअर निवडणाऱ्या) म्युच्युअल फंडाबद्दल थोडक्यात. सेबीने जुलै २०२३ मध्ये नियम कडक केले: ८० टक्के पैसा जाहीर केलेल्या धोरणानुसारच, आणि किमान ६५ टक्के अशा कंपन्यांत ज्यांच्या बीआरएसआर कोअर (कंपन्यांच्या शाश्वतता अहवालाचा गाभा) माहितीची बाहेरून तपासणी झालेली आहे. फंडाची फॅक्टशीट उघडा, वरच्या दहा शेअरांत मोठ्या बँका आणि आयटी कंपन्या भेटतील. कारण साधं आहे. बँकेच्या कार्यालयातून धूर निघत नाही, म्हणून तिचे गुण चांगले पडतात. तिने कोळशाच्या वीजकेंद्राला दिलेल्या कर्जाचा धूर ‘स्कोप ३’ मध्ये, म्हणजे इतरांमार्फत होणाऱ्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात, येतो, आणि तो भाग बीआरएसआरमध्ये ऐच्छिक आहे. बँकांनी हवामानाची जोखीम, तिचे आकडे आणि उद्दिष्टं जाहीर करावीत यासाठी रिझर्व्ह बँकेने २८ फेब्रुवारी २०२४ ला मसुदा काढला. तो सक्तीने अमलात आला की ग्रीन एफडीचा अहवालही आपोआप सुधारेल, कारण मग बँकेला काळी बाजूही छापावी लागेल. आज ती फक्त हिरवी बाजू छापते. शेअर बाजाराची जोखीम घेऊन बँकांचेच शेअर घ्यायचे असतील, तर त्यासाठी ईएसजी फंडाचा जादा खर्च भरायची गरज नाही.

घ्यायचीच ठरली तर

लाख-दोन लाखांवर पाच-दहा पॉइंटचा फरक असेल, मागच्या वर्षीचा वाटप तक्ता समाधानकारक असेल आणि ११११ ची मेख नसेल, तर ग्रीन एफडी घ्यायला हरकत नाही. निवृत्तीच्या मोठ्या रकमेसाठी नको. तिथे दराचा प्रत्येक पॉइंट मासिक उत्पन्नातून जातो. कर वाचवायचा असेल तर पाच वर्षांची टॅक्स सेव्हर एफडी वेगळी असते. ‘ग्रीन’ शब्दाने कसलीही करसवलत मिळत नाही. मुदतीआधी मोडल्यास दंड साध्या एफडीसारखाच बँकेच्या नियमाने लागतो, आणि ठेवीवर ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, तो दर आधी विचारून घ्या. पाच लाखांची विमा मर्यादा एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी आणि व्याज मिळून असते. ग्रीन ठेवीला वेगळी पाच लाख मिळत नाहीत.

अर्ज भरताना मुदतपूर्तीच्या सूचनेचा चौकोन चुकवू नका. ‘ऑटो रिन्यूअल’वर टिक राहिली, तर ठेव तेव्हाच्या ग्रीन दराने पुन्हा ११११ दिवसांसाठी अडकू शकते किंवा योजना बंद झालेली असल्यास साध्या एफडीत वळू शकते. ‘मुदतीनंतर बचत खात्यात जमा’ हा पर्याय निवडा, नॉमिनीचं नाव नोंदवा, आणि पावतीवर योजनेचं नाव छापलेलं आहे का ते काउंटर सोडण्याआधी वाचून घ्या. नेट बँकिंगमधून केली असेल तर योजनेचा प्रकार दिसणाऱ्या पानाची प्रत जपून ठेवा, कारण काही ॲपमध्ये नंतर ती नुसती ‘मुदत ठेव’ म्हणून दिसते.